आगमनकाळ, कॅरोल आणि घर : तरुण संघाचं काम करणाऱ्यांच्या घरी डिसेंबर कसा जातो?

अल्टोवाली
सगळ्यांना सलाम. आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळाचा, पहिला रविवार झाला की आमच्या घरच्या कॅलेंडरवर लिहायला जागा उरत नाही, म्हणून हा धागा काढते.

मी सोलापुरात आमच्या चर्चच्या मंडळीच्या तरुण संघाची सल्लागार आहे आणि कॉयरमध्ये (चर्चच्या गायकगटात) अल्टो, म्हणजे बायकांचा खालचा आवाज, गाते. मिस्टर रेल्वेत, रोस्टरवर ड्युटी. रात्रपाळी कुठल्या आठवड्यात येईल ते आपल्या हातात नाही. मुलगी दहावीला, जानेवारीत तिची पूर्वपरीक्षा. सासूबाईंचे गुडघे धरलेत, त्यांना फार उठबस होत नाही.

संघाकडे या महिन्यात कॉयरची प्रॅक्टिस, कॅरोलच्या (घरोघरी नाताळची गाणी गात जायच्या) फेऱ्या, संडे स्कूलच्या मुलांची नाटिका, चर्चची सजावट, २४ ची रात्रीची उपासना, २५ ची सकाळची, मंडळीचं प्रीतिभोजन आणि ३१ ची वॉचनाईट (वर्ष बदलतानाची रात्रीची उपासना) असतं. नाताळ आणि नव्या वर्षाच्या मधल्या आठवड्यात लग्नं, आणि लग्नाला कॉयर हवाच. घरी फराळ, साफसफाई आणि पाहुणे आहेतच.

हे काम मला जिवापाड प्रिय आहे, सोडायचा प्रश्न नाही. पण संघाच्या कामात घरच्यांना जागा असावी, नुसती 'जाऊ दे तिला' म्हणून परवानगी देण्यापुरती त्यांची गाठ नसावी असं मला ठाम वाटतं. तुमच्याकडे कसं जमवता? वेळा, स्वयंपाक, अभ्यासाची मुलं, म्हातारी माणसं, सगळं सांगा. प्रत्यक्ष करून पाहिलेलं हवं.

शेंगाचटणी
पहिला नंबर! ताई, प्रॅक्टिस ठरवायच्या आधी कुठल्या भागात पाणी कधी येतं ते बघा. बाकीचं नंतर बोलू.

हुतात्मा_सहाची
हसू नका, शेंगाचटणी बरोबर बोलालाय. आपल्याकडे पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी टाकी, पिंप, घागरी भरायला घरात माणूस लागतंच. प्रॅक्टिस त्याच वेळेला लागली की निम्मा टेनर (पुरुषांचा वरचा आवाज) घरी मोटार लावून बसलेला. आमच्या सेक्रेटरीने संघाच्या ग्रुपवर सगळ्यांच्या पेठेतली पाण्याची पाळी विचारून घेतली आणि मग वार ठरवले. हजेरी सुधारली.

मी स्वतः पुण्यात नोकरीला. शुक्रवारी संध्याकाळी सहाची हुतात्मा एक्स्प्रेस धरतो, सोलापूरला उतरेपर्यंत दहा वाजून जातात. शनिवार-रविवार एवढंच घर. त्यात शनिवार संध्याकाळ प्रॅक्टिसला आणि रविवार उपासनेला गेला की आई म्हणते, 'तू मला भेटायला आलास की चर्चला?' आता शनिवारी दुपारचं जेवण आईबरोबर, फोन कपाटात. तेवढं पक्कं ठेवलंय.

बंगल्यातली
मी पाळकांची (चर्चच्या धर्मगुरूंची) मुलगी, मिशन कंपाउंडच्या बंगल्यात वाढले. तुमच्या प्रश्नावर पाळकांच्या घराबद्दल कुणी लिहील असं वाटलं नाही, म्हणून मीच लिहिते.

आमच्याकडे २५ ला बाबा जेवायला बसायचे तेव्हा चार वाजलेले असायचे. सकाळची उपासना, प्रभुभोजन (भाकर-द्राक्षारसाचा विधी), मग आजारी माणसांच्या घरी जाऊन प्रभुभोजन, मग भेटायला येणारी मंडळी. प्रत्येक जण पाच मिनिटांसाठी येतो आणि प्रत्येकाला चहा लागतो. आई पहाटे पातेलं चढवायची ते रात्रीच उतरायचं. तिच्या अंगावरची नवीन साडी आम्ही फक्त चर्चमध्ये बघायचो, घरी आली की लगेच जुनी नेसून ओट्यापाशी. तिला 'पाळकीणबाई' म्हणून सगळे मान देत. पण महिला मंडळाची सभा, संडे स्कूलचे कपडे, नाटिकेतल्या मेंढपाळांची फेटे-घोंगडी, हे सगळं तिचंच असं गृहीत धरलेलं.

मग आईनेच ठरवलं की आमचा नाताळ २६ ला. त्या दिवशी बंगल्याचं दार उघडायचं नाही. बाबा भाजी चिरायचे, आम्ही पत्ते खेळायचो. मंडळीतल्या काही जुन्या लोकांना ते आवडलं नाही, तरी आई हटली नाही. तरुण संघातल्या सगळ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की तुमच्या कार्यक्रमाच्या यादीत पाळकांच्या घराला एक दिवस सुट्टी लिहा. त्यांनी मागायची वाट बघू नका.

अल्टोवाली
@बंगल्यातली, हे वाचून डोळे भरून आले. आमच्या पाळकीणबाई नाटिकेचे सगळे कपडे एकट्या शिवतात. उद्याच संघात बोलते.

ढोलकी_वाजे
मला जरा वेगळं म्हणायचंय. राग मानू नका. डिसेंबर एकच महिना आहे. त्यात पण 'घर, घर' केलं तर संघाला माणूस मिळणार कुठून? आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे की १ ते ३१ मी नाही. बायको समजून घेते. सेवा म्हटलं की थोडी झीज सोसायलाच लागते.

कडकभाकरी
दादा, झीज तुमची की वहिनींची? तुम्ही ढोलकी वाजवायला जाता तेव्हा मुलांचं जेवण, गृहपाठ आणि आजोबांची औषधं कोण बघतं? त्यांना एकदा शांतपणे विचारा आणि इथे लिहा.

ढोलकी_वाजे
विचारतो.

बीएससी_बाकी
मी संघातली मुलगी, वय २०. मोठ्यांचं चाललंय त्यात आमचं पण ऐका.

घरात आम्हाला कुणी विचारत नाही की तुला काय वाटतं. कॉलेज, मार्क, लग्न, एवढंच बोलणं. संघात मी पहिल्यांदा प्रार्थना मोठ्याने केली, पहिल्यांदा माईक हातात घेतला, पहिल्यांदा हिशोबाची वही सांभाळली. डिसेंबरचे हे दिवस आमच्यासाठी वर्षातले सगळ्यात मोठे. म्हणून 'घर आधी' असं म्हणून आमचं काम कमी करू नका.

पण एक गोष्ट खुपते. कॅरोलच्या फेरीत नऊ वाजले की मुलींच्या घरून फोन सुरू. मुलं मात्र रात्री दोनपर्यंत फिरतात. म्हणजे प्रॅक्टिस आम्ही केली, मुलींचे आवाज, सोप्रानो-अल्टो, आम्ही बसवले आणि निम्म्या घरांना नुसता मुलांचा टेनर-बेस ऐकू जातो. घरच्यांची काळजी मला कळते. मग फेरीच लवकर सुरू करा ना! संध्याकाळी सहाला निघालो तर साडेनऊपर्यंत सगळे एकत्र गाऊ शकतो.

शेंगाचटणी
बेस एकटाच गातोय हे आमच्या घरी कॅरोल आला तेव्हा कळलं होतं. आजीला वाटलं कुणीतरी भांडायला आलंय.

बाराबंदी
सलाम. मी तुमच्या मंडळीतला नाही. घर सिद्धेश्वर देवळाकडे, शेजारी ख्रिस्ती कुटुंब असल्यामुळे कॅरोल लहानपणापासून ऐकतो. हा धागा वाचून वाटलं की नाव बदललं तर हे आमच्या घरचंच आहे.

जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा. सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच, जड काठ्या. ते पेलायचे म्हणजे आधी अनेक दिवस सराव लागतो. दिवसभर नोकरी आणि रात्री सराव. ६८ लिंगांच्या प्रदक्षिणेला अनवाणी चालायचं, संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा, मग होमप्रदीपन, मग दारूकाम. घरात संक्रांतीचं वाण, बाजरीच्या भाकऱ्या, पाहुणे. आणि आमची पांढरीशुभ्र बाराबंदी (बंदांचा अंगरखा) धुऊन, नीळ देऊन, इस्त्री करून तयार कुणी ठेवायची? आई नाहीतर बायको.

आमच्या गल्लीत एक चांगला बदल झालाय. सरावाला येताना पोरांना बरोबर आणायचं. लहान पोरं छोटी काठी धरून मागे चालतात. बाप दिसतो, तो काय करतो ते कळतं आणि आईला घरात दोन तास मिळतात. बीएससी_बाकी म्हणते तसं लवकर सुरू करण्याचाही हाच फायदा, पोरं झोपायच्या आत येतात.

सुरपेटी
बाराबंदी, सलाम! शेजारधर्म असा असावा. नाताळचा फराळ तुमच्याकडे येतो आणि तिळगूळ इकडे येतो, हे सोलापूरचं सुख आहे.

जुनीगिरणी
माझं वय झालंय, थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

माझे वडील गिरणी कामगार. सोलापुरात पहिली गिरणी १८७७ ची, तीच आमची जुनी गिरणी. तेव्हापासून या गावाचं घड्याळ म्हणजे भोंगा. मंडळीची प्रार्थनासभासुद्धा कुणाची कुठली पाळी आहे ते बघून ठरायची. पहिली पाळी सुटली की एक गट गाण्याला, दुसऱ्या पाळीवाले सकाळी. आज अल्टोवालीच्या घरी रेल्वेचं रोस्टर आहे, गोष्ट तीच. माणूस कामावरून कधी सुटतो हे आधी बघायचं आणि मग सभेची वेळ लावायची. संडे स्कूलची गोष्टही अशीच आहे. १७८० मध्ये इंग्लंडातल्या ग्लॉस्टरला रॉबर्ट रेक्सने ज्या मुलांसाठी शाळा काढली ती आठवडाभर कामाला जुंपलेली असायची. त्यांना मोकळा एकच वार, म्हणून शाळा रविवारी.

तरुण संघाबद्दलही एक सांगतो. १८८१ साली अमेरिकेत मेन राज्यातल्या पोर्टलंड गावी फ्रान्सिस क्लार्क या पाळकांनी तरुणांची 'ख्रिश्चन एन्डेव्हर' संस्था सुरू केली. पुढे जगभरच्या मंडळ्यांत तरुणांच्या कामाला तिने वळण लावलं. ते काँग्रिगेशनल (प्रॉटेस्टंटांतला एक पंथ) मंडळीचे, आणि आपल्या सोलापुरात काम केलेली अमेरिकन मराठी मिशनही मूळ त्याच परंपरेतली. त्या संस्थेची स्थापना कुठल्या हॉलमध्ये झाली नाही. पाळकांच्या राहत्या घरी पोरं जमली, तिथेच झाली. तेव्हा संघ एकीकडे आणि घर दुसरीकडे अशी वाटणी सुरुवातीला नव्हती.

आता बायबलमधलं. निर्गमचा १८ वा अध्याय सगळे नेतृत्वाच्या शिबिरात वाचतात. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्याय करत बसलेला, सासरा इथ्रो म्हणतो, 'तू थकशील आणि हे लोकही थकतील', मग हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर नायक नेमायला सांगतो. पण त्या अध्यायाची सुरुवात बघा. इथ्रो आलाय तो मोशेच्या बायकोला आणि दोन मुलांना घेऊन! सिप्पोरा, गेर्शोम आणि अलियेजर माहेरी होते. कामाची वाटणी सांगायच्या आधी सासऱ्याने लेक आणि नातू जावयाच्या तंबूत आणून सोडले. शिबिरात ही पहिली ओळ कुणी वाचत नाही.

ढोलकी_वाजे
@जुनीगिरणी काका, हा अध्याय मी स्वतः शिबिरात शिकवलाय. ते सासऱ्याचं बघून आज घरी पुन्हा वाचला.

@कडकभाकरी, विचारलं. ती म्हणाली, 'मला तुम्ही नसण्याचा त्रास नाही, तुम्ही कधी येणार ते न कळण्याचा आहे. दोन वेळा स्वयंपाक गरम करायला लागतो आणि पोरं दाराकडे बघत झोपतात.' आणि म्हणाली, तिलाही गायचं होतं. लग्नाआधी ती तिच्या मंडळीत सोप्रानो होती, हे मला माहीत होतं. यंदा मंगळवार-शुक्रवार तिची प्रॅक्टिस, मी पोरांपाशी. बुधवार-शनिवार माझी.

कडकभाकरी
ढोलकीदादा, मन जिंकलंत. वहिनींना सलाम सांगा.

वसईचा_पाहुणा
आम्ही कॅथलिक, वसईकडचे. आमच्याकडे नाताळाआधी नऊ दिवस नोव्हेना (रोजची खास प्रार्थना) असतो, येशूजन्माचा गोठा बांधायची स्पर्धा असते, युवकांची धावपळ तुमच्यासारखीच. आमच्या गावात एक रीत चांगली आहे. आगमनकाळाच्या हारात चार मेणबत्त्या असतात, दर रविवारी एक लावायची. चर्चमध्ये लावतात तशीच घरोघरी पण लावतात. ती लावायच्या वेळेला घरातल्या सगळ्यांनी हजर राहायचं, युवकांचा कार्यक्रम त्या अर्ध्या तासात ठेवायचा नाही असं फादरनीच सांगितलंय. महिन्यात चार वेळा सगळं घर एकत्र बसतं.

अवांतर : सोलापुरात नाताळच्या फराळात काय असतं? आमच्याकडे वडे, इंदेल (मांसाचा आंबट-तिखट पदार्थ).

चकली_चुकली
करंज्या, चकल्या, शंकरपाळी, रव्याचे लाडू, अनारसे, आणि ओव्हनवाल्याकडून भाजून आणलेला केक. डबे घेऊन बेकरीत रांग लावायची गंमत तुम्हाला नाही कळणार.

हुतात्मा_सहाची
बेकरीची रांग! अंडी, मैदा, लोणी घरून न्यायचं आणि आपला ट्रे ओळखता यावा म्हणून कडेला दोरा बांधायचा. आईचा दोरा लाल.

चकली_चुकली
करंज्यांवरून मुद्द्यावर येते. आमच्या संघाने फराळाची संध्याकाळ केली. ज्या घरी म्हातारी माणसं एकटी आहेत, मुलं पुण्या-मुंबईला, तिथे संघातली मुलं-मुली जाऊन करंज्या लाटतात. सारण आजी करते, कातण मुलांच्या हातात. पहिल्या घाण्यातल्या करंज्या तेलात फुटल्या आणि कढईभर खोबरं झालं. आजींनी कडा दुधाचं बोट फिरवून कशी दाबायची ते प्रत्येकाचा हात धरून दाखवलं. त्यातला एक मुलगा, जो घरी पाण्याचा तांब्या उचलत नाही, तो शेवटपर्यंत लाटत बसला. नंतर त्याची आई मला विचारत होती की तुम्ही त्याला काय केलंत! अल्टोवाली, सासूबाईंना उठबस होत नाही म्हणालात. बसून सारण करता येतं. संघाची एक संध्याकाळ तुमच्याच घरी ठेवा.

सुरपेटी
प्रॅक्टिसबद्दल माझं जुनं म्हणणं. चार आवाजांत बसवायची इंग्रजी चालीची गाणी दोन-तीनच घ्या. बाकी आपली भजनं घ्या. रेव्हरंड टिळकांनी (बाप्तिस्मा १८९५, निधन १९१९) अभंग-ओव्यांत जे लिहून ठेवलंय ते आपल्या 'उपासना संगीत' या गीतांच्या पुस्तकात आहे, आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना पाठ. एकाने ओळ सांगायची, बाकीच्यांनी उचलायची, पेटी, ढोलकी, झांजा, झालं. त्याला कसली रात्र रात्र प्रॅक्टिस? आणि ज्या घरी कॅरोल जातो त्या घरची माणसंही आपल्याबरोबर गातात. आपल्याकडे तेलुगू आणि कन्नड बोलणारी घरंही आहेत, एकेक गाणं त्यांच्या भाषेतलं ठेवा. त्या घरातल्या आजीबाई दारात येऊन टाळ्या धरतात.

बीएससी_बाकी
सुरपेटीकाका, भजनं हवीतच, पण चार आवाजांची गाणी कमी नका करू. तीच तर आम्हाला शिकायची आहेत. प्रॅक्टिस कमी हवी असेल तर प्रत्येक आवाजाचं रेकॉर्डिंग ग्रुपवर टाका. मी भांडी घासताना अल्टो पाठ केलाय.

सुरपेटी
हे पटलं. रेकॉर्डिंग मी करून देतो.

सातरस्ता
कायद्याचं सांगतो, कारण दरवर्षी कुणीतरी अडकतं. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकतं, ते दिवस जिल्हाधिकारी जाहीर करतात. २४ ची रात्र आणि ३१ ची रात्र त्यात आहे का ते आधी बघून घ्या. टेम्पोवर स्पीकर लावून कॅरोल काढणार असाल तर दहाच्या आत संपवावंच लागतं. म्हणजे आमच्या बीएससीताईंची मागणी कायद्यानेच मंजूर आहे.

बीएससी_बाकी
😀😀 हे मी आमच्या संघाच्या ग्रुपवर टाकते.

रेल्वेलाईन
दहावी-बारावीच्या मुलांचं कुणी बोललं नाही. बारावीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत सुरू होते, दहावीची पण तिच्या मागोमाग. डिसेंबरमध्ये मुलाला प्रॅक्टिसला पाठवायचं की नाही यावरून आमच्या घरी नवरा-बायकोत अबोला. मी म्हणतो जाऊ दे, ती म्हणते नको. तुमच्या मुलीचं काय ठरलं, अल्टोवाली?

कडकभाकरी
आमच्या संघात दहावी-बारावीवाल्यांना कॅरोलच्या सगळ्या फेऱ्या माफ. फक्त २४ ची रात्र आणि त्यांच्या स्वतःच्या घरी येणारी फेरी. आणि संघातली कॉलेजची पोरं रविवारी उपासनेनंतर त्यांची गणितं-विज्ञान घेतात. आईवडिलांचा संघावरचा राग त्यामुळे बराच उतरला.

अल्टोवाली
सगळ्यांचे मनापासून आभार. काल आमच्या संघाची सभा झाली, धागा तिथे वाचून दाखवला. काय ठरलं ते लिहिते, कारण विचारलं मीच होतं.

फेऱ्या संध्याकाळी सहाला निघणार, साडेनऊला सगळे घरी. मोदीचा भाग आणि रेल्वे लाईन एका दिवशी, विजापूर रोड आणि जुळे सोलापूर दुसऱ्या, होटगी रोड तिसऱ्या. प्रत्येक घरचा चहा बंद केला. रोजच्या फेरीत एकाच घरी चहा, आणि ते घर आधी कळवायचं, म्हणजे बाकीच्या बायका पातेलं चढवून बसणार नाहीत. नाटिकेचे कपडे चार घरांत वाटले, पाळकीणबाईंकडे फक्त स्वर्गदूताचे पंख राहिले, ते त्यांनी स्वतः मागून घेतले. २६ ला पाळकांच्या बंगल्यावर कुणी जायचं नाही. हे ऐकून पाळकसाहेब आधी संकोचले, पाळकीणबाई लगेच 'हो' म्हणाल्या.

@रेल्वेलाईन, मुलीला आम्ही तिलाच विचारलं. ती म्हणाली, कॅरोल नको, पण २४ ला तिला वाचन करायचंय, लूकचा दुसरा अध्याय. रोज अभ्यास संपला की आजीसमोर उभी राहून वाचते आणि आजी त्यातलं 'कुरेनियस' हे नाव नीट म्हणायला लावते. संघातला एक इंजिनिअरिंगचा मुलगा रविवारी तिची बीजगणितं घेणार आहे.

एकच गोष्ट ठरली नाही, ३१ ची वॉचनाईट. मिस्टरांची त्या रात्री ड्युटी लागली आहे. सासूबाईंना एकटं ठेवून मला आणि मुलीला जायचं नाही आणि सासूबाईंना वर्ष बदलताना चर्चमध्येच असायचं आहे. चर्चच्या पायऱ्या त्यांना चढवत नाहीत.

ढोलकी_वाजे
ताई, तुम्ही कुठल्या भागात? माझी गाडी आहे. मी आणि अजून दोन पोरं साडेदहाला दारात येतो. प्लास्टिकची हात असलेली खुर्ची घ्या, आजींना खुर्चीसकट वर नेऊ. आमच्या मंडळीची उपासना साडेनऊला सुरू होऊन साक्षींनंतर (लोकांनी देवाचे अनुभव सांगून झाल्यावर) मध्ये सुटते, मला जमतं.

बाराबंदी
खुर्ची उचलायला माणसं कमी पडली तर मला सांगा. नंदीध्वजाच्या सरावातली दोन पोरं घेऊन येतो, तोल सांभाळायची त्यांना सवय आहे.

अल्टोवाली
@ढोलकी_वाजे @बाराबंदी, दोघांनाही निरोप पाठवलाय, त्यात पत्ता आहे. सासूबाई म्हणतात खुर्ची लाकडीच घ्या, प्लास्टिकची वाकते. आणि बाराबंदीदादा, उपासना संपेपर्यंत थांबणार असाल तर पहिल्या बाकावर जागा धरून ठेवते, त्यानंतर आमच्याकडे चहा आणि करंज्या.